दात आहेत, पण चणे?

मोबाइलचं कव्हर आपण दर दोन महिन्यांनी बदलतो. हेअरकट बदलतो, जिम बदलतो, जमलं तर जॉबही बदलतो. पण ज्या गाडीवर बसून रोज ऑफिस गाठतो, तिच्या पोटात काय चाललंय हे बघायला मात्र आपल्याला वेळ नसतो. पेट्रोल टाका, सेल्फ मारा, निघा. सर्व्हिसिंगच्या दिवशी मेकॅनिक जे म्हणेल त्याला मान डोलवा. विषय संपला!

आज जरा वाकून बघूया. कम्युटर बाइकच्या डाव्या बाजूला, पत्र्याच्या कव्हरखाली, चेन असते. ती दोन दातेरी चकत्यांवरून फिरते. पुढची छोटी, इंजिनकडून येणारी. मागची मोठी, चाकाला लावलेली. पुस्तकात यांना स्प्रॉकेट म्हणतात. दुकानात जाऊन तसं म्हणालात तर समोरचा दोन सेकंद विचारात पडेल. तिथे 'चेन-सॉकेट' म्हणायचं. लगेच वस्तू काउंटरवर!

या चकत्यांचा एखादा दात कमी-जास्त केला की गाडीचा स्वभाव बदलतो. ओढणारी गाडी पळायला लागते, पळणारी ओढायला लागते. खर्च थोडा, काम अर्ध्या तासाचं. म्हणून तर प्रत्येक कट्ट्यावर याचे एक्स्पर्ट असतात. प्रश्न एवढाच, की बदलावा का?

हट्ट्याची केस

हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यात हट्टा नावाचं गाव आहे. परभणीहून हिंगोलीकडे निघालात की झिरो फाटा मागे टाकल्यावर लागतं. पुढे जवळा बाजार, मग औंढा नागनाथ. काळी जमीन, सोयाबीन, कापूस आणि वसमतची ती फेमस हळद, जिला २०२४ मध्ये जीआय टॅगही मिळाला. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, पण नोकरीसाठी, कॉलेजसाठी आणि मोठ्या दवाखान्यासाठी इकडची बरीच मंडळी आजही परभणीचाच रस्ता धरतात.

माझा मावसभाऊ त्यांच्यापैकी एक. वय २६, बी.कॉम., परभणीतल्या एका खासगी ऑफिसात अकाउंट्सला. गाडी १०० सीसी, चार गिअरची, वडिलांनी घेतलेली. सोमवार ते शनिवार एकटा, पाठीवर सॅक, हट्टा ते परभणी आणि परत. ऑफिसात थंब मशीन. तीन लेट मार्क म्हणजे अर्ध्या दिवसाचा पगार गेला. रविवारी हीच गाडी शेतावर. मागे युरियाची ४५ किलोची गोणी, कधी दोन. श्रावणात मावशीला औंढ्याला दर्शनाला न्यायचं, तेही हिच्यावरच.

"ताई, गाडी लई ओरडायली गं," त्याचा फोन. "साठच्या पुढं गेलं की नुसती बोंबलती. आन् गोणी टाकली की चढावर मरायली. काय करू सांग."

एकाच वाक्यात दोन तक्रारी, आणि दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध! कट्ट्यावरही दोन पार्ट्या पडलेल्या. एक म्हणते, पुढचा एक दात वाढव, गाडी शांत होईल, मायलेज वाढेल. दुसरी म्हणते, एक दात कमी कर, कशीही वढती मग. तिसरी पार्टी शोरूमवाली. तिचं म्हणणं, कशाला त्या डबड्याच्या मागे लागतोस, १२५ घेऊन टाक. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या बाइक्सवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून या पार्टीचा आवाज जरा जास्तच वाढलाय.

आता नवी गाडी म्हणजे डाऊन पेमेंट आणि तीन वर्षांचा ईएमआय. आणि घरात धाकटी बहीण नर्सिंगच्या अॅडमिशनच्या तयारीत. दरमहा जे काही उरतं ते एक तर बाइकच्या हप्त्यात जाणार, नाही तर तिच्या फीमध्ये. दोन्हीकडे पुरेल एवढं उरत नाही. म्हणून हा एका दाताचा प्रश्न. हजार-दीड हजारात काम भागत असेल तर हप्ता टळतो. भागत नसेल तर उगाच ते हजार-दीड हजारही गेले.

हिशोब एकदम सोपा

समजा पुढे १४ दाते आणि मागे ४२. (तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील. मी भागाकार सोपा जावा म्हणून हे घेतलेत.) ४२ भागिले १४ बरोबर ३. म्हणजे पुढची चकती तीनदा फिरली की मागचं चाक एकदा फिरतं.

आता पुढे १४ ऐवजी १३ टाका. भागाकार येतो ३.२३. चाकावर मिळणारी ओढ जवळजवळ पावणेआठ टक्के वाढली. पण फुकट नाही! ज्या वेगाला इंजिन आधी मिनिटाला ५००० फेरे मारत होतं, तिथे आता सुमारे ५३८५ मारणार.

उलट करा. पुढे १५ टाका. भागाकार २.८०. त्याच वेगाला इंजिनचे फेरे ५००० वरून सुमारे ४६६७ वर. आवाज कमी, थरथर कमी. पण ओढही पावणेसात टक्क्यांनी कमी.

मागची चकती बदलली तर हेच, फक्त हळूहळू. मागे ४२ च्या जागी ४४ टाकले तर भागाकार ३.१४, म्हणजे फरक पावणेपाच टक्क्यांचा. मागचे तीन दाते वाढवणं म्हणजे पुढचा एक कमी करण्यासारखंच. गंमत बघा, पुढचा एक दात छोटा दिसतो, पण सगळ्यात जास्त गडबड तोच करतो.

औंढ्याजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. प्रोटॉनच्याही हजाराव्या हिश्श्याएवढा हलका फरक तिथे मोजायचाय. त्या मानाने आपला एक दात म्हणजे हत्तीच! तेव्हा तो मोजायचा कंटाळा नको.

ताकद येते कुठून?

इथे कट्ट्यावरची सगळ्यात मोठी गडबड होते. दात बदलला की "पॉवर वाढते" असं बिनधास्त सांगितलं जातं. बॉस, पॉवर इंजिनात बनते, चकतीत नाही. आपल्याकडची १०० सीसीची गाडी साधारण ८ पीएस ताकद देते, आणि तीही मिनिटाला ८००० फेऱ्यांच्या आसपास, म्हणजे इंजिन चांगलंच ओरडत असताना. चकती ती ताकद फक्त वाटून देते. जोर हवा की वेग, एवढंच तिच्या हातात.

आता साठच्या पुढची गोष्ट. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ५५ चे ६५ केलेत तर वेग वाढला फक्त १८ टक्के, पण हवेचा विरोध ४० टक्के आणि त्याला तोंड द्यायला लागणारी ताकद सुमारे ६५ टक्के जास्त. छोट्या इंजिनाकडे तिथे शिल्लक फार नसते. अशा वेळी पुढे १५ दाते टाकले तर काय होतं? इंजिन हळू फिरतं, हळू फिरतं म्हणून ताकद कमी देतं, आणि समोरून वारा आला की टॉप गिअरमध्ये गाडी वेग धरत नाही. मग खाली तिसरा टाका. म्हणजे आवाज कमी करायला दात वाढवला, आणि निम्मा रस्ता तिसऱ्या गिअरमध्ये ओरडत काढला. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात ना, ते हेच!

मायलेजचंही तसंच. सपाट रस्ता, एकटा माणूस, वारा नाही, वेग पन्नासच्या आत, असं सगळं जुळून आलं तर १५ दात्यांनी थोडा फायदा दिसू शकतो. पण थ्रॉटल पिळून पिळून, धपधपणारं इंजिन तसंच रेटत गाडी चालवली तर तो फायदा तिथेच जिरतो. वर क्लच आणि इंजिन दोघांच्याही तब्येतीला ते बरं नाही.

मग पुढे १३? गोणीवाल्या चढावर मदत नक्की होईल. पण इथे एक साधी गोष्ट सगळे विसरतात. टॉपवरून तिसरा गिअर टाकला की चाकावरची ओढ पाव हिश्श्याने किंवा त्याहूनही जास्त वाढते. एक दात कमी करून मिळते पावणेआठ टक्के. म्हणजे डाव्या पायाच्या एका टाचेने जे काम होतं, त्याच्या तिसऱ्या हिश्श्यासाठी आपण चकती बदलतोय! आणि ती फक्त चढापुरती बदलत नाही. परभणीच्या सपाट रस्त्यावरही ती तीच राहते. गाडीने १०,००० किलोमीटर कापले की इंजिन १०,७७० किलोमीटर चालल्याएवढं फिरलेलं असतं. तेल, पिस्टन, रिंग, सगळ्यांच्या खात्यावर तेवढं जास्त काम.

कंपनीला काही कळत नाही का?

कळतं हो! पण कंपनीला तुमचा रस्ता माहीत नसतो. तिला एकच गाडी हट्ट्याला विकायची असते, कोथरूडला विकायची असते आणि महाबळेश्वरलाही. एकटा बसणारा, डबल सीट, ट्रिपल सीट (कायद्याने चालत नाही, पण दिसतं रोज!), सगळ्यांना बऱ्यापैकी चालेल असा मधला भागाकार ती निवडते. त्यात प्रदूषणाची चाचणी, आवाजाची मर्यादा आणि जाहिरातीतला मायलेजचा आकडाही सांभाळायचा असतो.

१९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली, आणि त्याच वर्षी आपल्या मराठवाड्यात, वाळूजला, बजाजचा कारखाना सुरू झाला. त्या काळी रस्त्यावर टू-स्ट्रोक गाड्यांचं राज्य होतं. सीडी १०० ने लोकांना 'फिल इट, शट इट, फर्गेट इट' शिकवलं. पेट्रोल भरा आणि विसरून जा. पुढे १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि गावोगावी हा मंत्र पाठ झाला. बोरी-बिस्तरा घेऊन चढ चढणं आणि एका लिटरमध्ये जास्तीत जास्त लांब जाणं, या दोन टोकांच्या मधोमध जो भागाकार तेव्हा बसला, त्याच्या आसपासच ही सगळी १०० सीसीवाली मंडळी आजवर फिरतायत. त्यामुळे कंपनीचा आकडा बदलण्याआधी निदान हे तरी विचारायला हवं, की आपण त्या 'मधल्या' माणसापेक्षा खरंच किती वेगळे आहोत?

वहीतून निघालेलं उत्तर

मी त्याला सांगितलं, दोन आठवडे काहीही बदलू नकोस. फक्त मोबाइलच्या नोट्समध्ये लिही. गाडी कुठे ओरडली, तेव्हा काटा किती होता, गिअर कुठला होता. कुठे मेली, मागे काय होतं, वारा कुठून होता. त्याला हे जाम बोअर झालं, पण अकाउंट्सवाला आहे. एंट्री चुकवत नाही!

दोन आठवड्यांच्या नोंदी बघितल्यावर चित्र एकदम क्लिअर. गाडी ओरडायची ती सकाळीच, ६० ते ६५ च्या मध्ये, आणि तेही लेट मार्कच्या भीतीने. संध्याकाळी परत येताना ५० च्या आसपास तिची काही तक्रार नव्हती. तीन संध्याकाळी समोरून जोराचा वारा होता, तेव्हा आहे त्याच भागाकारावर त्याला तिसरा गिअर टाकावा लागला होता. म्हणजे १५ दाते टाकले असते तर त्या तीनच्या सहा-सात संध्याकाळी झाल्या असत्या. वाढीव दाताचा विषय तिथेच कट!

आणि गोणी? दोन आठवड्यांत दोनदा. दोन्ही वेळा शेताच्या वाटेवर, जिथे पहिला-दुसरा गिअरच चालतो. चढावर गाडी मेली ती टॉप गिअरमध्ये रेटल्यामुळे. तिसरा टाकला की चढत होती. महिन्यातून चार फेऱ्यांसाठी, रोजच्या परभणीच्या फेरीत इंजिन पावणेआठ टक्के जास्त फिरवायचं? अकाउंट्सवाल्याला हे समजवावं लागलं नाही. "नगं ताई," तो म्हणाला, "हे तर दात कोरून पोट भरल्यासारखं झालं."

तरीही 'मरायली' हा शब्द राहत होताच. म्हणून गाडी मिस्त्रीकडे गेली. त्याने मागचं चाक स्टँडवर हाताने फिरवलं. अर्ध्या फेऱ्यात थांबलं! मागचा ब्रेक थोडा घासत होता. चेन एका जागी ताठ, दुसऱ्या जागी ढिली. पावसाळ्यातली काळी माती कव्हरच्या आत जाऊन वाळलेली, आणि तिच्यात चेन कोरडी ठणठणीत. मागच्या चकतीचे दाते झिजून एका बाजूला वाकलेले. टायरमध्ये हवा कमी.

"दाताचं नंतर बगू," मिस्त्री म्हणाला. "आधी हिला मोकळं चालू द्या. ब्रेक धरून पळायली बिचारी."

ब्रेक सैल केला, हवा भरली, एअर फिल्टर झटकला. चेन-सॉकेटचा सेट तसाही संपलेला होता, तो बदलायचाच होता. आणि खरी निवडीची वेळ हीच असते. नवा सेट घेतानाच ठरवायचं, दाते तेच ठेवायचे की बदलायचे. त्याने तेच ठेवले. कंपनीच्या आकड्याचे. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

उरला सकाळचा आवाज. त्याचा हिशोब मी नाही, त्यानेच केला. ३० किलोमीटर मोकळा रस्ता ६५ ने कापला तर सुमारे २८ मिनिटं, ५५ ने कापला तर ३३. फरक ५ मिनिटांचा. आता तो घरातून दहा मिनिटं आधी निघतो. लेट मार्क नाही, आवाज नाही. मावशी म्हणते, आता चहा बसून पितो, आधी उभ्यानेच प्यायचा.

आणि १२५? तो विषय बहिणीच्या अॅडमिशननंतर. पहिल्या वर्षाची फी भरल्यावर खात्यात काय उरतं ते बघून. तोवर तरी शोरूमवाल्या पार्टीला कट्ट्यावर चहा पाजण्यापलीकडे काही मिळणार नाही, असं दिसतंय.

मग बदलायचंच नाही का?

असं अजिबात नाही. हट्ट्याचं उत्तर सगळ्यांना लागू होत नाही. तुमचा रस्ता तुमचं उत्तर देतो.

तुम्ही डोंगराळ भागात राहता, रोज दुधाचे कॅन किंवा सामान घेऊन चढता आणि टॉप गिअर आठवड्यातून एकदाच लागतो? मग एक दात पुढे कमी, किंवा मागे दोन-तीन जास्त, हा सेन्सिबल निर्णय आहे. तुमच्या गाडीचं आयुष्य खालच्या गिअर्समध्येच जातं, तिथे ओढ वाढली तर क्लचवरचा ताण कमी होतो. आधी मागचे दोन वाढवून बघा. फरक सौम्य असतो, आणि पुढची चकती फार लहान केली की चेनला जास्त तीव्र वळण घ्यावं लागतं, ती लवकर झिजते.

तुम्ही पुण्यात, ठाण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात सिग्नल-टू-सिग्नल फिरता? तर प्रामाणिकपणे सांगायचं झालं, तुम्हाला फरक कळणारही नाही. पुढे १३ टाकलेत तर ट्रॅफिकमध्ये गाडी पहिल्यात जरा निवांत रांगेल, पण दुसरा गिअर लवकर टाकावा लागेल. डावा पाय आधीच दमलेला असतो, त्याला आणखी काम.

तुमची गाडी १५० सीसीच्या वर आहे आणि दर वीकेंडला हायवे? तिथे इंजिनाकडे ताकद शिल्लक असते. एक दात पुढे वाढवून पाहायला हरकत नाही. पण १०० सीसीवाल्यांनी हायवेच्या नादाने १५ टाकू नये. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि इलेक्ट्रिक स्कूटरवाले? तुम्ही हे वाचून नुसतं हसा. तुमच्याकडे बदलायला गिअरच नाहीत!

बदलणारच असाल, तर हे बघून घ्या

* आधी दाते मोजा. पुढचे आणि मागचे. चकतीवर आकडा बहुतेक वेळा कोरलेला असतो. नसेल तर खडूने एका दातावर खूण करून मोजा.
* जुनी चेन आणि नवी चकती ही जोडी लावू नका. लांबलेली चेन नव्या दातांना लवकर खाते. बदलायचं तर अख्खा सेट.
* एक दात बदलला की मागचा एक्सल साधारण ३ मिलिमीटर पुढे-मागे सरकतो. तेवढी जागा अॅडजस्टरमध्ये आहे ना, ते बघा. नसेल तर चेनची कडी कमी-जास्त करावी लागते.
* मोठी चकती चेन कव्हरला घासत नाही ना? पुढची मोठी केली तर इंजिनच्या झाकणाला चेन लागत नाही ना? हाताने चाक फिरवून बघा, मगच रस्त्यावर काढा. खडखड ऐकू आली तर तिथेच थांबा.
* स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकातून येत असेल तर काटा बरोबरच दाखवेल. ज्या गाड्या वेग गिअरबॉक्सकडून मोजतात, त्यांचा काटा आणि किलोमीटर दोन्ही चुकतील. मग मायलेज वाढल्याचा आनंदही खोटा!
* गाडी वॉरंटीत असेल तर आधी विचारा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीत बदल करण्यावर बंधनं आहेत आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध केलेल्या बदलांबाबत कडक भूमिका घेतली. विमा कंपनीलाही बदल कळवलेले बरे.
* काढलेली मूळ चकती चांगली असेल तर जपून ठेवा. गाडी विकताना किंवा मन बदलल्यावर उपयोगी पडते.

आणि हे सगळं करण्याआधी दोन आठवड्यांची ती वही विसरू नका. मागचं चाक स्टँडवर घेऊन हाताने एकदा फिरवा. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद! मोकळं फिरतंय? चेनचा झोल मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच आहे? टायरची हवा बरोबर? या तीन प्रश्नांची उत्तरं 'हो' आली आणि तरीही गाडी रोज, त्याच जागी, त्याच गिअरमध्ये अडत असेल, तर आणि तरच दाताला हात लावा.

येत्या रविवारी गाडी धुवाल तेव्हा एक काम करा. चेन कव्हरची ती छोटी रबरी टोपी काढा आणि आत डोकावून बघा. कोरडी दिसली तर चेनचं तेल आणायला जा. जाताना गाडी घरीच ठेवा, दुकान फार तर चौकात असेल. चालत गेलात तर गिअरचा प्रश्नच येत नाही!